अनुभव : रुपये ६५० फक्त

शाळेकडून आलेली सूचना तशी साधीच होती. ‘गुरुवारी इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना शेतीकामाचा अनुभव देण्यात येईल. शुल्क रुपये ६५० फक्त. विद्यार्थ्यांनी जुने कपडे घालून यावे.’

साडेसहाशे रुपयांचं मला काही वाटलं नाही. मुलाच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचं काही वाटून घ्यायचं नाही, हे मी तो बालवाडीत असतानाच ठरवलं होतं. गाडी अडली ती जुन्या कपड्यांपाशी. आमच्या घरात जुने कपडे म्हणजे माझे. चिरंजीवांचे कपडे जुने होतच नाहीत. त्याआधीच ते आखूड होतात आणि आमची ही ते बोहारणीला देऊन त्यांवर स्टीलचा डबा घेते. शेवटी बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघंही कापड बाजारात गेलो आणि जुने कपडे म्हणून घालायला एक नवी पँट आणि एक नवा शर्ट घेऊन आलो. ‘जरा जुनी वाटेल अशी दाखवा’ असं मी दुकानदाराला म्हणालो, तर त्यानं दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली एक पँट पुढं टाकली. ती धड पँटीपेक्षा चारशे रुपयांनी महाग होती. गरिबीचा अनुभव घ्यायलाही ऐपत लागते, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

सूचनेच्या खाली आणखी एक ओळ होती : ‘दोन पालकांनी सोबत यावे.’ त्या दोघांत माझी निवड झाली. कारण विचाराल तर, ‘माझे बाबा बँकेत शेतकऱ्यांना कर्ज देतात, त्यांना शेतीतलं सगळं कळतं,’ असं चिरंजीवांनी वर्गात उभं राहून सांगितलं होतं. मुलाचा आपल्यावर एवढा विश्वास असला की तो मोडवत नाही आणि पेलवतही नाही.

वस्तुस्थिती अशी, की मी बी.कॉम. आहे. बँकेत गेली दहा वर्षं शेती कर्जाच्या टेबलावर बसतो. सात-बारा मला पाठ आहे, आठ-अ मी झोपेतही ओळखेन, हेक्टरी किती कर्ज बसतं ते तोंडावर आहे. पण कांद्याचं रोप आणि लसणाचं रोप शेजारी शेजारी ठेवलं, तर मी दोन्हींना कोथिंबीर म्हणण्याची शक्यता आहे. या टेबलावर आलो त्या पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी मला म्हणाला होता, ‘साहेब, लवकर उरका, आज रातच्याला दारं धरायचीत.’ मला वाटलं त्याच्या वस्तीवर चोर येणार आहेत. मी त्याला पोलिसांत कळवायचा सल्ला दिला. रात्रीच्या विजेवर मोटर सुरू करून, बॅटरीच्या उजेडात एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत जागणं म्हणजे दारं धरणं, हे मला पुढं सहा महिन्यांनी कळलं. तोवर त्या बिचाऱ्यानं मला बराच भला माणूस समजून माफ केलं होतं.

आणि आता कबुली देतोच आहे, तर सगळीच देतो. पीक पाहणीच्या अर्जावर ‘प्रत्यक्ष पाहणी केली, पीक समाधानकारक आहे’ असं मी शेकडो वेळा लिहिलेलं आहे. त्यातली बरीचशी प्रत्यक्ष पाहणी मोटरसायकलवरून न उतरता झालेली आहे. लांबून सगळीच पिकं समाधानकारक दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत तुम्ही काहीच शिकला नव्हता काय? शिकलो होतो ना! आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, कार्यानुभव नावाचा विषयच होता. या विषयाला मोठी परंपरा आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. शिक्षण हातातल्या कामातून द्यायचं, काम हा एक तास नसून सगळ्या तासांचा कणा, असा तो विचार. पुढं १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्यानं शाळेत कामाचा अनुभव असावा असं सांगितलं. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. महात्म्यांपासून आयोगापर्यंत आणि आयोगापासून समितीपर्यंत येता येता हा विचार आमच्या वेळापत्रकात पोचला, तेव्हा तो शुक्रवारचा शेवटचा तास झाला होता, आणि तोही गणिताचे सर घेत.

ज्या दोन-चार शुक्रवारी सरांचं गणित आटोपलेलं असे, त्या दिवशी आम्ही शाळेमागच्या पट्टीत मेथी लावली. मेथी छान आली. ती कोणाच्या घरी शिजली हे मी सांगणार नाही, पण उत्पादक कार्य समाजोपयोगी झालं एवढं खरं. त्याच वर्षी ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावरच्या निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षिसाचा ताट-वाटीचा संच जड होता, म्हणून तो घरापर्यंत आईनं आणला.

ही झाली माझी पूर्वतयारी. तेव्हा गुरुवारी सकाळी चाळीस मुलं, दोन बाई, एक सर, दुसरे एक पालक आणि मी असे बसनं नगर-मनमाड रस्त्याला लागलो. आता आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडाला अजून नगरच येतं. त्या रस्त्याविषयी मी काही बोलणार नाही, त्याविषयी माझी पाठ बोलते. राहुरी तालुक्यात, कृषी विद्यापीठाच्या अलीकडं एक शेत होतं. १९६८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ असं उशाशी असल्यामुळं इथल्या शेतकऱ्याला ‘अनुभव घ्यायला आलोय’ म्हणणाऱ्या माणसांची सवय आहे. शेतकी पदवीची शेवटच्या वर्षाची मुलं कृषिदूत म्हणून आणि मुली कृषिकन्या म्हणून गावोगाव येऊन राहतात. पण ती निदान शिकून येतात. आमची मंडळी सँडविच घेऊन आली होती.

शेताचे मालक मोठे उत्साही गृहस्थ होते. शनिवार-रविवार हुरडा पार्टी आणि मधल्या वारी शाळांना अनुभव, असा त्यांचा व्यवसाय होता. राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून पीक दोन प्रकारचं येतं, एक जमिनीतून आणि एक बसमधून, असं ते म्हणाले. मी बँकेत शेती कर्ज बघतो असं आमच्या सरांनी सांगताच त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि हळूच विचारलं, ‘मार्चात नवं-जुनं करायचंय, व्याजाचं काही होईल का हो?’ त्यांचं कर्ज आमच्या बँकेत नव्हतंच. पण बँकवाला दिसला की विचारून ठेवावं, अशी रीत आहे.

काम होतं कांद्याच्या लागणीचं. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल झालेला. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागं सरकायचं. दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर, असं सरांनी माहितीपत्रकावरून वाचून दाखवलं. त्याबरोबर चिरंजीवांनी कंपासपेटीतून पट्टी काढली. एका मुलानं मुळं वर आणि पात खाली लावली. एकीनं आख्खी जुडी एकाच खड्ड्यात लावली, आणि असं का, तर रोपांना एकमेकांची सवय असेल म्हणून. 

वाणिज्य शाखेचा माणूस खुर्चीवर नुसता बसत नाही, हिशेब करतो. या अंतरानं कागदावर एका एकरात अडीच लाखांच्या वर रोपं बसतात. आमच्या चाळीस मुलांनी दोन तासांत कसाबसा एक वाफा संपवला, म्हणजे झाली सुमारे चोवीसशे रोपं. रोज दोन तास या वेगानं एक एकर लावायला शंभराच्या वर दिवस लागले असते. कांदा लागणीनंतर साडेतीन-चार महिन्यांत काढणीला येतो. म्हणजे एकराच्या या टोकाला आमची लागण चालू असताना त्या टोकाला काढणी सुरू करावी लागली असती.

बाजूच्या वाफ्यांत बायकांची टोळी कामाला होती. त्यांचे अंगठे शिलाई यंत्रासारखे चालले होते. आमचा वाफा झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाले, मुलं हातपाय धुवायला हौदाकडं पळाली. तेव्हा त्या टोळीतली एक मावशी आणि तिच्याबरोबरची एक मुलगी उठल्या, आमच्या वाफ्यात आल्या, आणि आमच्या मुलांनी लावलेली रोपं एकेक उपटून पुन्हा लावू लागल्या.

चिरंजीव हात न धुता तिथंच उभे होते. त्यांची पट्टीनं मोजून लावलेली रोपं निघालेली बघून त्यांचा चेहरा पडला. ‘माझी तर बरोबर होती,’ तो म्हणाला.

‘अंतर बराबर हाय,’ ती मुलगी म्हणाली. ‘पन लई खोल दाबली. खोल गेला का कांदा पोसत नाय. हे बघ, एवढंच.’ तिनं त्याचा अंगठा धरून दाखवला. मग तिनं त्याला विचारलं, ‘कितवीला?’

‘सातवी.’

‘मी बी सातवीला.’

माझ्या तोंडून गेलं, ‘मग आज शाळा नाही का गं?’

असे प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही, म्हणून आपण ते विचारतो. मुलीनं खाली बघितलं. उत्तर मावशीनं दिलं. काम न थांबवता, वर न बघता.

‘हाय की शाळा. आमचं काम उक्तं हाय, साहेब. दोन हात वाढले का वाफा लवकर उरकतो. शाळा बुडली तर तिचा एक दिस बुडतो. काम मागं पडलं तर मुकादम पुढच्या येळेला मला बोलवत नाय.’ मग ती उभी राहिली, पाठीला हात लावला आणि म्हणाली, ‘पन मला एक सांगा. तुमचं पोर हितं आलं तर ते शिक्षान, अन् माझी पोर हितं आली तर तिची शाळा बुडली. एकाच वाफ्यात दोघं. तुम्ही बँकेतले ना? मग ह्यो हिशेब मला जरा समजून सांगा.’

मालक घाईघाईनं म्हणाले, ‘ती कामाला नाही बरं का साहेब. आईबरोबर आलीय नुसती.’

मी काय उत्तर दिलं? ‘चला, जेवणाची वेळ झाली,’ असं मी म्हणालो. बँकेतही गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर नसलं की आम्ही हेच म्हणतो.

संध्याकाळी परत येताना उसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं आमची बस बराच वेळ अडकली. उसावर बिऱ्हाड होतं आणि बिऱ्हाडावर दोन पोरं बसली होती. आमच्या मुलांनी त्यांना हात केला, त्यांनीही केला. आमच्या जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून आणि पलीकडच्या बीडमधून दिवाळीच्या सुमाराला तोडीला निघालेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. पोरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, बरोबर गेलेल्यांसाठी साखरशाळा निघाल्या, तरी ट्रॅक्टरवर कोणी ना कोणी दिसतंच. सहा महिन्यांचा निवासी कार्यानुभव. शुल्क नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत डबे उघडल्यावर मी मावशीचा हिशेब सर्वांपुढं ठेवला.

आमचे हेड कॅशियर कायद्याचे पक्के. ते म्हणाले, ‘यात हिशेब कसला? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. १९८६ चा कायदा, २०१६ साली तो आणखी कडक झाला. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हात लावायची तेवढी मुभा आहे.’

‘म्हणजे गुरुवारी सकाळी अकरा वाजता दुसऱ्याच्या शेतात?’

‘गुन्हा.’

‘आणि माझा मुलगा? तोही त्याच वेळी त्याच शेतात होता.’

‘तो गिऱ्हाईक आहे,’ हेड कॅशियर म्हणाले आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

कायद्याच्या दृष्टीनं हे उत्तर चोख होतं. पण ‘पैसे मिळाले तर गुन्हा आणि पैसे भरले तर शिक्षण’ असा त्याचा अर्थ निघत होता, आणि तो घशाखाली उतरेना.

ठेवींच्या टेबलावरचे आमचे मित्र मातीवर फार प्रेम करतात. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. ते म्हणाले, ‘तुम्ही शाळेचं फार स्तोम माजवता. अकोल्याच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कुठं शाळेत गेल्या? गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शास्त्रज्ञ त्यांच्याकडं शिकायला येतात. ती मुलगी शेतातच खरं शिकतेय.’

यावर बोलले ते आमचे शिपाई. सगळी शाखा त्यांना मामा म्हणते. ते पाथर्डीकडचे. ते सहसा साहेब लोकांच्या वादात पडत नाहीत. ‘राहीबाईंना माझा नमस्कार हाय,’ ते म्हणाले. ‘पन त्या एक झाल्या. त्यांच्याबरोबरच्या बाकीच्या किती जनी शाळेबिगर राहिल्या, त्यांची नावं घ्या बरं. मी आठ वर्षांचा असल्यापासून आई-बापाबरोबर तोडीला होतो. वाढं गोळा करायचं, मोळ्या बांधायच्या, समदं येतं मला. आज कोयता द्या, तुम्हाला करून दाखवतो. पन मला ते येतं म्हणून या बँकेनं घेतलं नाय. आजीनं एक साल मागं ठेवून घेतलं, मग दुसरं साल ठेवलं, अन् मी धाव्वी पास झालो, म्हणून घेतलं.’

मामांनी डब्याचं झाकण लावलं. आम्हीही लावलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. जमा-खर्च जुळला नाही की मला झोप येत नाही. आमच्या मुलाच्या खात्यावर मी काय जमा धरत होतो? श्रमाची जाणीव. पण ते श्रम होते का? गांधीजींचा एक आग्रह होता, की शाळेतल्या मुलानं केलेली वस्तू विकली जाण्याजोगी हवी. लोकांना तेव्हा तो व्यापारी विचार वाटला. मला आता वाटतं, त्यात मोठा नैतिक विचार होता. आपलं काम कोणाच्या तरी खरोखर उपयोगाला आलं पाहिजे. ज्या कामामागून दुसऱ्या कुणाला ते पुन्हा करावं लागतं, ते काम नव्हे. ते तिच्या कामात घातलेलं काम. आमच्या मुलांनी त्या मावशीला श्रमाची प्रतिष्ठा दिली नाही, अर्धा तास जादा श्रम दिले.

आणि त्या मुलीच्या खात्यावर? तिला अंतर कळत होतं, खोली कळत होती, खोल गेलं की कांदा का पोसत नाही हे कळत होतं. आमच्या सरांच्या माहितीपत्रकात होतं त्याहून ते जास्त होतं. पण ते कोणत्याच वहीत जमा होत नव्हतं. तिच्या शाळेच्या हजेरीत त्या दिवशी तिच्या नावापुढं नुसती फुली.

आपल्याकडं या दोन खात्यांचा मेळ एका माणसानं घालून दाखवला होता. कर्मवीर भाऊराव पाटील. तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत हिंडले, म्हणजे शेतकऱ्याच्या दारातून त्यांनी महाराष्ट्र बघितला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या वसतिगृहातली पोरं शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शाळा शिकत. तिथलं काम खरं होतं, कारण ते केलं नाही तर ताटात भाकरी कमी पडली असती. आणि तिथली शाळाही खरी होती, कारण काम संपल्यावर पुस्तक उघडायचंच होतं. आमच्या जिल्ह्यात गावोगाव रयतच्या शाळा आहेत, आणि आमच्या निम्म्या बँकेचे बाप-आजे त्यांतून शिकलेले आहेत.

‘कमवा आणि शिका.’ हे तीन शब्द मी लहानपणापासून भिंतींवर वाचत आलो. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मधला, हे त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं. तो ‘आणि’ आम्ही हरवला. मग एका मुलाच्या वाट्याला नुसतं ‘शिका’ आलं, आणि त्याच्या बापाला ‘कमवा’ एका दिवसापुरतं साडेसहाशे रुपयांना भाड्यानं आणावं लागलं. दुसरीच्या वाट्याला ‘कमवा’ आलं, आणि ‘शिका’ तिला भाड्यानंसुद्धा मिळेना. दोघं एका वाफ्यात उभी होती खरी, पण एकाला चार वाजता घरी जाता येत होतं. काम आवडीचं आहे की नाही, हे ते सोडून जायची मुभा असेल तरच कळतं. ज्याला मुभा नाही, त्याला अनुभव विचारू नये.

सोमवारी चिरंजीवांची वही तपासून आली. ‘शेतावर मी काय शिकलो’ या विषयावर त्यानं चारच ओळी लिहिल्या होत्या. ‘कांद्याचं रोप खोल लावू नये. मी लावलेली सगळी रोपं एका मुलीने परत लावली. ती सातवीत आहे. त्या दिवशी तिची शाळा होती.’ खाली लाल शाईत शेरा : ‘शेतीविषयी अधिक माहिती लिहावी. ब-१.’

निबंध स्पर्धेत पहिला आलेल्या बापाला मुलाच्या ब-१ चा अभिमान वाटावा, असं आमच्या घरात प्रथमच घडलं.

पुढच्या पालक सभेत मी उभा राहिलो. सभेत मी एरवी उठतो तो फक्त घरी जायला. नव्या शैक्षणिक धोरणात २०२० पासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकावं असं म्हटलं आहे, हे मी आधी वाचून गेलो होतो. म्हणालो, ‘त्या मावशींनाच शाळेत बोलावू. शाळेमागच्या पट्टीत त्या कांदा लावायला शिकवतील. त्या शिकवतात, म्हणजे त्या शिक्षिका.’

कल्पना सर्वांना फार आवडली. श्रमाला प्रतिष्ठा देणारी कल्पना खर्च नसेल तोवर सर्वांनाच आवडते. मुख्याध्यापिका बाईंनी लगेच शाल आणि श्रीफळ द्यायचं ठरवलं. मालकांमार्फत मावशीला निरोप गेला. उलट निरोप आला : ‘शाल नको. थंडी संपत आली. रोज द्या.’

सभेत थोडी कुजबुज झाली. एक पालक म्हणाले, ‘बघा, सन्मानाची किंमतच नाही लोकांना.’ मला वाटलं, किंमत तिलाच कळली आहे. आपण सगळे पगार घेतो आणि शाल दुसऱ्याला देतो. मी विचारलं, ‘रोज किती म्हणतात?’ निरोप असा होता : तिचा चारशे, पोरीचा हात मिळून सहाशे पडतात, आणि येण्याजाण्याचे पन्नास. बाईंना एस.टी.त अर्धं तिकीट आहे म्हणून पन्नासात भागतं.

एकूण साडेसहाशे. सभेत कोणी काही बोललं नाही. प्रत्येक पालकानं एकदा तेवढेच पैसे मुकाट्यानं भरले होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका शुक्रवारी, मावशी आली. टोपलीत उरलेली रोपं घेऊन आली. तिनं चाळीस मुलांना ओळीनं बसवलं आणि चुकलेलं रोप स्वतः न लावता ज्याचं त्याला पुन्हा लावायला लावलं. आमच्या सरांनीही दोन ओळी लावल्या. त्यांतली एक तिनं उपटायला लावली. मी एकटाच आलेली बघून विचारलं, ‘मुलगी नाही आली?’

‘शाळेत गेलीय की,’ ती म्हणाली. ‘दोघींचा रोज हितं मलाच मिळतोय. मग ती कशाला येईल?’

हिशेब तिनं माझ्याकडं समजून मागितला होता. तिनंच तो मला समजावून सांगितला, तोही एका वाक्यात.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा शाळेचे लेखनिक अडले. ‘पावती कोणत्या खाती फाडू? शिक्षक मानधन म्हणावं तर त्याला बी.एड. लागतं. मजुरी म्हणावं तर ती शिकवायला आलेली.’ एवढी वर्षं ज्या खात्यात ही दोन्ही बसतील असं खातं कुणी उघडलंच नव्हतं. शेवटी मीच पावती लिहिली. तपशील : अनुभव. रुपये ६५० फक्त.

लिहून झाल्यावर सवयीनं मी शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला. तिनं तो बाजूला केला आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. चिखलानं भरलेला अंगठा पदराला पुसून, जीभ दातात धरून, तिनं सावकाश सही केली.

‘पोरीनं शिकवली,’ ती म्हणाली आणि नोटा दोनदा मोजून घेतल्या. चांगली गिऱ्हाइकं मोजूनच घेतात.

तो एक शुक्रवार होता. कांद्याच्या लागणीला दिवस पुष्कळ असतात आणि शुक्रवार एकच. त्यामुळं हिशेब मिटला असं मी म्हणणार नाही. आमच्या भाषेत, बाकी पुढे ओढली आहे. एवढंच झालं, की सोमवारी मी पीक पाहणीला गेलो, तेव्हा मोटरसायकलवरून उतरलो आणि वाफ्यात शिरलो. बूट चिखलात गेले. शेतकरी घाबरून म्हणाला, ‘साहेब, काही चुकलं का माझं?’